आगाऊ नकार

बोरी अरबच्या एका शेतात, धुऱ्याच्या बांधावर, एक शहरी माणूस मोबाईल धरलेला हात उंच करून उभा होता. ममता कापसाच्या पऱ्हाटीतला सापळा तपासून येत होती. तिला हसू आवरेना.

"कोणाले शरण जाऊन राह्यले, सर?"

"टॉवरले," तो म्हणाला. "पण पावत नाही."

गुलाबी बोंडअळीनं सलग तिसऱ्या वर्षी कापसाची वाट लावली होती. म्हणून नर पतंगांना खोट्या वासानं भुलवणारे कामगंध सापळे शेतोशेती लागले, आणि ममताला त्यांच्या देखरेखीचं काम मिळालं. सापळ्यावरचं यंत्र पतंगांचा आकडा बिनतारी यवतमाळला पाठवी. पण रेंज अशी लहरी, की तो पोचायला चाळीस-चाळीस मिनिटं लागत. यवतमाळचा हा इंजिनियर, प्रफुल्ल, त्यावर इलाज घेऊन आला होता... एआय.

"हे आकड्याची वाट पाहत नाही," त्यानं समजावलं. "वारा, ऊन, कालचे आकडे पाहून अंदाज बांधते अन् पुढं धाडते. खरा आकडा मागून आला, का दुरुस्ती करते."

"म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग."

तो कानापर्यंत लाल झाला. इंजिनियरही लाजतात, हे ममताला त्या दिवशी कळलं.

मग तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला. यंत्र बिघडलेलं नसलं तरी. "गाडीवर सोडू?" — "बसत नाही." "चहा?" — "घेत नाही." तोंडानं नाही म्हणायची आणि ऐटीत मागं बसायची. चहाही प्यायची, तोही त्याच्याच बशीतला. तो आवडायला लागला होता, आणि हे तिनं स्वतःपासून लपवलंही नाही.

पुढं शेतातल्या बायांचे बोलके निरोपही त्यानं त्याच यंत्रावर घेतले; यंत्र ते लिहून यवतमाळला धाडी. आपल्या भाषेत होकार-नकार बसतो वाक्याच्या शेपटाला. शेपूट रेंजमध्ये अडकलं, की यंत्र ते आपल्या मनानं जोडी. ममताचा रोजचा निरोप ठरलेला — "अळी दिसत नाही." यंत्रानं एवढंच शिकून घेतलं, की या बाईचं वाक्य 'नाही'वर संपतं.

बोंडं फुटायला लागली, तेव्हा प्रफुल्ल एक दिवस गुमसुम आला.

"उद्या घरी पाहुणे येऊन राह्यले. दारव्ह्याची पोरगी हाय. बाबा म्हणते, चार वाजेपावतर उत्तर पाहिजे. ममता, तू... तू माह्यासंग यायले तयार असशील, तं तसं सांगजो."

"उद्या सांगन," ती खाली पाहत म्हणाली.

"फोन नाही लागला, तं यंत्रावर बोलजो."

फोन नाहीच लागला. तीन वाजता ममता धुऱ्यालगतच्या सापळ्यावरल्या यंत्राजवळ गेली.

"मी तुमच्यासंग यायले तयार..." ती लाजली, क्षणभर अडली, "...हाय."

घरी येईपर्यंत ती एकटीच हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रफुल्ल आला, उतरलेला चेहरा घेऊन. यवतमाळला निरोप पोचला होता तो 'तयार नाही' असा. तो वाचून त्यानं पाहुण्यांना होकार दिला. खरा शब्द चाळीस मिनिटांनी आला, तोवर पेढे वाटून झाले होते आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरली होती.

"मशीन चुकलं, ममता. मी मोडतो ते सारं."

"मशीन चुकलं, मान्य. त्याले मी दिसत नाही. पण तुमाले?" तिनं विचारलं. "माह्या 'नाही'चा अर्थ इतके दिवस तुमाले बराबर समजे. कालच कसा नाही समजला? एक डाव इथं यायचं होतं. तासाचा तं रस्ता हाय."

तो गाडीच्या आरशावरची धूळ पुसू लागला.

"त्या पोरीनं काय म्हटलं?"

"हाव म्हटलं."

"मंग तिले कायले रडवता?"

"अन् तू?"

"मी येत नाही तुमच्यासंग. जा तुमी."

त्यानं गाडी सुरू केली. एकदा जरी मागं वळून पाहिलं असतं, तर ती धावत गेली असती. दारव्ह्याची पोरगी, पेढे, साक्षगंध, सगळं विसरून गेली असती. पण ती नाही म्हणाली होती, आणि या वेळी त्यानं तिचा शब्द मानला.