उंबरठ्यातला रुपया

संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती तेव्हा हे सगळं सुरू झालं. तेरा जानेवारी, म्हणजे उत्तरायणाची आदली संध्याकाळ. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर मोहनराव काका राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी सांगितलं. परवा रात्री आमच्या बडोद्यात, गोरव्यात लाइट गेली म्हणून आम्ही सगळे गच्चीवर जाऊन बसलो होतो. माझी ओवी मांडीवर झोपली होती. शेजारची मिताली म्हणाली, "काका, एखादी भुताची सांगा ने." काका म्हणाले, "भुताची नाही सांगत. आमच्या सलीलच्या घरची सांगतो." मी ऐकली तशी लिहिते.

सलील म्हणजे काकांच्या रेल्वेतल्या दोस्ताचा मुलगा. दोस्त वारला, पण काकांचं जाणंयेणं राहिलं. सलील वाघोडियाला कंपनीत आहे. घरात त्याची बायको मोहना, आई वसुंधराबाई आणि पाच महिन्यांचं बाळ, अनीश. नवा फ्लॅट घेतलेला. सगळं चकाचक, पण दाराला उंबरठा नाही, खाली नुसती ग्रॅनाइटची पट्टी. वसुंधराबाईंनी पहिल्या दिवसापासून धोशा लावला होता. "हळदकुंकू वाहू कुठे मी? फरशीला? संक्रांतीच्या आत मला उंबरठा पाहिजे."

म्हणून त्या संध्याकाळी सलील जुन्या लाकडाच्या वखारीत गेला. वखार हार्दिक नावाच्या मुलाची. जुनी घरं पाडतात तिथली दारं, खांब, तुळया तो आणून विकतो. त्याने सागवानाचा एक उंबरठा काढून दाखवला. मधोमध खाच करून चांदीचा रुपया बसवला होता आणि रुपयाच्या पोटातून आरपार खिळा ठोकला होता.

हार्दिक म्हणाला, "साहेब, आ रुपियो एमनेम रहेवा दो. काढता नहीं."

"का रे, काढायचा का नाही?"

"मने शुं खबर? जेना घरेथी लाव्यो एणे कीधुं."

ज्याच्या घरून आणला त्याने सांगितलंय, एवढंच. सलील हसला आणि टेंपोत घालून घेऊन आला. आता उत्तरायण आलं की आपल्या बडोद्यात सुतार काय, प्लंबर काय, कोणी सापडत नाही, सगळे गच्चीवर. तेव्हा बसवायला माणूस मिळेपर्यंत तो उंबरठा आतल्या खोलीच्या दारात नुसता आडवा टाकून ठेवला. बरोबर मापात बसला.

वसुंधराबाईंनी रुपया बघितला. जुन्या बडोदे सरकारचा. त्या म्हणाल्या, "पायाखाली कशाला चांदी? बाळाच्या करगोट्यात बांधते. दृष्ट लागणार नाही."

मोहना म्हणाली, "आई, त्याने नको सांगितलंय ना."

"त्या पोराला काय कळतंय? तुझ्या नवऱ्याला मी वाघनख बांधलं होतं, काही झालं का त्याला? फक्त अक्कल जरा उशिरा आली."

सलील म्हणाला, "बांधू दे गं, आईला खूश होऊ दे." मग वसुंधराबाईंनी पक्कड घेऊन खिळा उपसला. रुपयाला भोक आयतंच होतं. काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या कमरेला बांधला. बाळाने लगेच उजव्या मुठीत घट्ट धरला आणि तोंडाकडे न्यायला लागला. सगळे हसले.

इथे काका थांबले. मिताली म्हणाली, "पुढे?" ते म्हणाले, "सांगतो."

रात्री मोहना बाळाला घेऊन आतल्या खोलीत झोपली होती. बाळ घोडियुंमध्ये, म्हणजे दोरीने झुलवायच्या पाळण्यात. सलील बाहेर सोफ्यावर, कारण त्याला पहाटे पतंगांना दोऱ्याच्या किन्न्या बांधायच्या होत्या. दोन-अडीचला मोहनाला जाग आली. बाळ हसत होतं. झोपेतलं हसणं वेगळं असतं, आपल्याला कळतं ते. हे तसं नव्हतं. कोणाकडे तरी बघून हसत होतं.

घोडियुं हलत नव्हतं. दोरी तिच्या हातात होती.

तिने दाराकडे बघितलं.

उंबरठ्याच्या पलीकडे एक माणूस उभा होता. अंगावर घोंगडी. मान खाली. हॉलमधला झीरोचा दिवा त्याच्या मागे होता, तोंड दिसत नव्हतं. तिला वाटलं सलील. तिने हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सलील सोफ्यावर खोकला.

मग हा कोण...

तो आत येत नव्हता. उंबरठ्याशी येऊन थांबला होता. बाळाने दोन्ही हात वर केले. उचल म्हणतात ना बाळं, तसे. त्या माणसाने घोंगडीतून हात पुढे केले.

मनगटाच्या पुढे काही नव्हतं.

मोहनाचा आवाज फुटेना. तो तसाच उभा. हात पुढे... पुन्हा मागे... पुन्हा पुढे. मग हळूच खाली बसला. खांदे हलत होते. आवाज नाही. कसलाही आवाज नाही.

सलील उठून आला तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

सकाळी बाळाला आंघोळ घालताना वसुंधराबाईंच्या लक्षात आलं. उजवा हात हलत नाही. उचलून सोडला की पडतो. रुपया बाहेर लोंबतोय, मूठ मात्र गच्च मिटलेली. दिवस उत्तरायणाचा, अर्धे दवाखाने बंद. सयाजीगंजला एका मोठ्या इस्पितळात नेलं. फोटो काढले, सुई टोचून बघितलं. बाळ रडलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, नस शाबूत आहे. उद्या मोठ्या मशीनवर बघू." मोहना बाळाला घेऊन रिक्षातून परतली. वर सगळ्या आभाळात पतंग, "काप्यो छे" म्हणून ओरडा, आणि हिच्या मांडीवर तो लुळा हात.

दुपारी काका त्यांच्याकडे गेले. त्याच बिल्डिंगमधले उदयसिंहरावही तिळगूळ घेऊन आले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या खजिन्यात होते. मोहनाने रात्रीचं सांगितलं. सलील म्हणाला, "जागरणाने काही पण दिसतं." उदयसिंहरावांनी बाळाच्या कमरेचा रुपया सोडवला आणि फरशीवर टाकला.

खणकला नाही. ढेकूळ पडावं तसा पडला.

"खोटा आहे," ते म्हणाले. "आत तांबं, वरून मुलामा."

"मग?" सलील म्हणाला. "खोटा तर खोटा."

"आज तुला खोटं नाणं म्हणजे थट्टा वाटते. पूर्वी तो राजद्रोह होता. चोराला एक वेळ सोडत, पण खोटी नाणी पाडणाऱ्याला नाही. पेशवाईत हात तोडल्याचं मी वाचलंय. विलायतेत फाशी देत, आणि बाई असली तर जाळत. काही मुलखांत उकळत्या कढईत..."

"उदयसिंहराव, बाळासमोर नको ना," मोहना म्हणाली.

ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरात एक ऐकीव गोष्ट आहे. खरी का खोटी, देव जाणे. एक कारागीर होता. एका बड्या माणसाने त्याला ठसा आणून दिला, सरकारी काम आहे म्हणून सांगितलं. याने नाणी पाडली. पकडले गेले तेव्हा बडा माणूस सुटला आणि याचे दोन्ही हात मनगटापासून गेले. त्याचाच एक रुपया त्याच्याच उंबरठ्यात ठोकला, येणाऱ्याजाणाऱ्याने पाय देऊन जावं म्हणून. त्याला रांगतं मूल होतं. एकदा बायको बाहेर गेलेली, मूल हौदात पडलं. हा तिथेच होता. पाणी कमरेएवढंसुद्धा नव्हतं."

मोहनाने बाळाला उचलून मांडीवर घेतलं.

"उचलता आलं नाही त्याला," उदयसिंहराव म्हणाले.

इकडे गच्चीवर मी ओवीला जरा जवळ ओढून घेतलं.

वसुंधराबाई तेवढं ऐकून आत गेल्या. रुपया परत त्या खाचेत बसवला, खिळा जुन्याच भोकात घातला आणि बत्त्याने ठोकायला लागल्या. सलील म्हणाला, "आई, काय चाललंय?" त्या म्हणाल्या, "काढला मी आणि शिक्षा त्याला? हा कुठला न्याय?" ठोकत राहिल्या. खिळा बसला. पण बाळाचा हात काही हलला नाही. संध्याकाळपर्यंत नाही, रात्रीपर्यंत नाही.

रात्री सगळे दमून झोपले. वसुंधराबाई झोपल्या नाहीत. उंबरठ्याशी हॉलच्या बाजूला फरशीवर बसल्या, अंगावर शाल घेऊन. पुढचं त्यांनी स्वतः काकांना सांगितलं.

बाहेर उशिरापर्यंत कुठे कुठे फटाके वाजत होते. मग तेही थांबले. कुत्रीसुद्धा गप्प झाली. थंडी वाढली. त्यांनी डोळे मिटले नव्हते, तरी तो कधी आला ते त्यांना कळलं नाही. एकदम शेजारीच... उभा.

त्या म्हणाल्या, "रुपया मी काढला. त्याला काही कळत नाही रे. मला कर काय करायचं ते."

तो मान खाली घालून तसाच.

"ऐकतोस ना?"

आतून बाळाचा आवाज आला. रडणं नाही, नुसतं आं... आं. त्याची मान तिकडे वळली. घोंगडीतून ते दोन हात पुढे आले. आणि उंबरठ्याशी थांबले.

वसुंधराबाई काकांना म्हणाल्या, "मोहनराव, मी त्याला हाकलायला बसले होते. पण ते बघितलं आणि माझी भीतीच गेली. त्याला कोणाला काही करायचंच नव्हतं."

त्यांनी विचारलं, "केवढं होतं रे तुझं?"

त्याने एक हात खाली नेला. फरशीपासून इतका वर धरला. गुडघ्याच्याही खाली.

वसुंधराबाईंना रडू फुटलं. त्या बाजूला सरकल्या. दार मोकळं केलं. आपला उजवा हात त्याच्यापुढे केला आणि म्हणाल्या, "माझा घे. आणि ये आत. एकदा उचल त्याला."

हाताला गार लागलं. खूप गार.

पुढचं त्यांना आठवत नाही.

सकाळी मोहना उठली तर घोडियुं रिकामं. ती किंचाळत बाहेर धावली. वसुंधराबाई उंबरठ्याशी चौकटीला टेकून झोपल्या होत्या आणि बाळ त्यांच्या मांडीवर, शालीत नीट गुंडाळलेलं. जागं होतं. उजव्या हाताने आजीचं बोट ओढत होतं. मूठ उघडलेली.

मोहनाने बाळाला छातीशी धरलं. वसुंधराबाईही उठायला गेल्या. उजवा हात टेकवायला गेल्या आणि तो तसाच घसरला.

तो हात परत आला नाही. आज दोन वर्षं झाली. त्या डाव्या हाताने चहा पितात, डाव्या हाताने अनीशला भरवतात. कोणी हळहळलं तर म्हणतात, "माझं काय राहिलंय आता? त्याला पाटी धरायचीय, सायकल चालवायचीय."

मिताली म्हणाली, "काका, बाळाला त्यांनीच झोपेत उचललं असेल."

"एका हाताने?" काका म्हणाले. "आणि शालीत गुंडाळलं?" काकांनी चष्मा काढून पुसला. "त्या सकाळी सलीलने मला फोन करून बोलावलं. मोहनाने मला बाळाचं झबलं दाखवलं. पांढरं होतं, नवंकोरं. दोन्ही बगलांखाली काळे डाग. कोळशाची काजळी असते ना भट्टीची, तशी. मी चष्मा लावून बघितलं."

"मग?"

"बोटांचे ठसे होते. पुरुषाच्या बोटांचे. दोन्ही हातांचे, दहाच्या दहा."

लाइट आली तेव्हा कोणी उठलं नाही.

मोहनाने ते झबलं तीन वेळा धुतलं, डाग गेले नाहीत म्हणे. आता ते कपाटात घडी करून ठेवलंय. मी हे लिहिलं कारण रात्री मला झोप येत नाही, आणि मनात ठेववतही नाही. ज्यांच्या घरात घोडियुं आहे त्या सगळ्या बायकांना हे सांगा. रात्री बाळ दाराकडे बघून हसायला लागलं तर त्याला जवळ घ्या, पण दाराशी जो कोणी उभा असेल त्याला शिव्या देऊ नका. तुम्हाला जी भेटेल तिला सांगा, आणि तिलाही पुढे सांगायला सांगा.