आबांचं जर्मन

दुपारचं जेवण उरकून अस्मा मोबाइल घेऊन पडवीत बसली. अंथुर्ण्यात या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अम्मी लग्नाला कळसला गेलेली, अब्बा दुकानात. जर्मनीतल्या नर्सच्या नोकरीची मुलाखत चार दिवसांवर आली होती आणि तिचं बोलणं अजून अडखळत होतं. मोबाइलमधलं ॲप जर्मनमध्ये प्रश्न विचारायचं. आपण बोलून दिलेलं उत्तर पडद्यावर उमटायचं, बरोबर असलं की हिरवं व्हायचं.

आजचा धडा हॉटेलातला होता. काय हवंय, ॲपनं विचारलं. अस्मा मनात शब्द जुळवत होती, तोंडही उघडलं नव्हतं. तेवढ्यात पडद्यावर उमटलं... वासर.

वासर म्हणजे पाणी.

हा शब्द तिनं एकाच माणसाला शिकवला होता. ती बारामतीला ज्या दवाखान्यात नर्स होती, तिथं कन्हेरीचे जोतीराम आबा महिनाभर खाटेवर होते. ती धडे म्हणायची, ते कान देऊन ऐकायचे.

"पान्याला वासर? मंग वासराला काय पानी म्हनत्यात व्हय?" असं म्हणून ते खोकला लागेपर्यंत हसले होते. पुढं पाणी जर्मनमध्येच मागायला लागले.

त्या शेवटच्या दिवशीही मागितलं. तिच्या कानात धडा चालू होता, दोनच वाक्यं राहिली होती. आलेच, असं तिनं हातानंच खुणावलं. धडा संपवून मान वर केली, तर आबा तिच्याकडेच बघत होते. डोळे उघडे, पापणी लवत नव्हती.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणखी काही, ॲपनं विचारलं. पुन्हा उमटलं, वासर. पडवीत फिनेलचा वास दाटला. अगदी जवळ कुणीतरी कोरडा आवंढा गिळला.

कुणासोबत आलात?

अस्मासोबत.

अक्षरं हिरवी झाली.

तिनं पेला भरून जमिनीवर ठेवला.

"आबा... घ्या. चुकलं माझं..."

पाणी हललं नाही. तिनं ॲप काढून टाकलं आणि ती उन्हात अनवाणी दुकानाकडं पळत सुटली.

चौथ्या दिवशी भर दुपारी बारामतीच्या जर्मनच्या क्लासात ऑनलाइन मुलाखत झाली. खोलीत ती एकटीच, दार आतून बंद. पडद्यावरच्या जर्मन बाईनं प्रश्न विचारले, अस्मानं धडपडत उत्तरं दिली. शेवटी बाईची नजर अस्माच्या खांद्यावरून मागं गेली. ती ऐकत राहिली, मग हसली.

"तुमच्या मागं उभे आहेत ना, त्यांचं जर्मन तुमच्यापेक्षा सफाईदार आहे," ती म्हणाली. "कुठं शिकले?"

अस्माची मान वळेना. तिला तर मागून एक शब्दही ऐकू आला नव्हता. बाई मात्र मान डोलावत अजून ऐकतच होती, तिचं हसू मावळत गेलं... आणि समोरच्या कागदावर भराभर लिहून घेत होती.