लेखनिक हवेत

बिबवेवाडीतल्या झेरॉक्सच्या दुकानात स्वराली संवादांची पानं काढायला उभी होती. शेजारच्या काकूंनी तिला ओळखलं.

"तूच ना गं ती कामिनी? सासूच्या दुधात विष घालतेस, लाज नाही वाटत?"

स्वराली सवयीने हसली. काकू धुसफुसत निघून गेल्या. पलीकडे उभा असलेला उंच तरुण मात्र गंभीर झाला होता.

"माफ करा... तुम्ही खरंच विष घातलं?"

"घातलं की. पण ती वाचली. आता पुढच्या आठवड्यात जिन्यावरून ढकलणार आहे."

तो चक्क एक पाऊल मागे सरला, आणि तेव्हा कुठे तिला त्याच्या हातातली पांढरी काठी दिसली.

"अहो, मालिकेत! मी मालिकेत काम करते!"

तो इतका मोठ्याने हसला की दुकानदाराने मान वर केली. स्वराली उगीचच हातातली पानं सारखी करू लागली. गेली तीन वर्षं तिचा चेहरा बघून लोक एक तर शिव्या देत, नाहीतर मोबाइल काढत. या माणसापुढे चेहऱ्याचा काही उपयोगच नव्हता. मग उभं तरी कसं राहायचं?

त्याचं नाव वैजनाथ. मूळचा वाशीमचा, हडपसरला बँकेत नोकरी. त्याच्या हातातल्या कागदांवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'लेखनिक हवेत'. दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी सांगितलेली उत्तरं पेपरात लिहून देणारी माणसं त्याला हवी होती. परीक्षा दहा दिवसांवर, विद्यार्थी अकरा, आणि लेखनिक एकही नाही.

"यातली स्पृहा गेल्या वर्षी हॉलच्या दारातून परत गेली," तो म्हणाला. "लेखनिक आलाच नाही. सगळं पाठ होतं पोरीला."

"मी एखादा व्हिडिओ करू का?"

"लोक ऐकतात तुमचं?"

"शिव्या घालतात."

"मग ऐकूनच घालत असतील ना जी."

तिने त्याच संध्याकाळी व्हिडिओ केला, खाली वैजनाथचा नंबर दिला. कामिनीची हिरवी साडी नेसून, तिच्यासारखाच एक डोळा बारीक करून म्हणाली, "मला नावं ठेवायला वेळ आहे ना तुम्हाला? मग तीन तास बसून एक पेपर लिहा. माझ्यापेक्षा चांगले आहात, हे दाखवाच!"

वैजनाथचा फोन दोन दिवस थांबला नाही. पण रविवारी त्याने कॉलेजात बोलावलेल्या बैठकीला आलेल्या शंभरेक जणांतले बहुतेक सेल्फी काढून पसार झाले. उरले चार. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून स्वरालीचा चेहरा उतरला. आपल्या नावाला माणसं जमतात, पण थांबत नाहीत...

"किती उरले?" वैजनाथने हळूच विचारलं.

ती तशीच धावत फाटकापाशी गेली आणि निघालेल्यांना तिने अडवलं. "फोटो हवाय? परीक्षेच्या दिवशी मी हॉलच्या दारात उभी असेन. जो पेपर लिहील, त्याच्याबरोबर हवे तेवढे फोटो!"

काही हसले, काही ओशाळले. सात जण परत फिरले. मंगळवारी अकरा नावांची यादी कॉलेजात पोहोचली.

खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला. वैजनाथ बुधवारी फोन करून म्हणाला, "यादीचं जरा बोलायचं होतं." बोलला मात्र वाशीमच्या उन्हाबद्दल. गुरुवारी पुन्हा यादी, आणि मग तिने दुपारी काय खाल्लं याची चौकशी. फोन ठेवल्यावर स्वराली आरशापुढे बसून राहिली. याला मी हवी आहे की कामिनी? की दोघी नकोत, नुसती यादीच हवी? आणि फोन वाजेपर्यंत आपल्याला चुकल्यासारखं का वाटतं? तिला काही म्हणता काही कळेना.

शुक्रवारी परीक्षेसाठी तिने शूटिंगला सुट्टी घेतली. निर्माते चिडले, म्हणाले, "कामिनीशिवाय आज चित्रीकरण कुणाचं करू?" ती म्हणाली, "सासूबाईंना आराम द्या."

अकराच्या अकरा लेखनिक आले. स्पृहा आत जाताना स्वरालीचा हात घट्ट दाबून गेली. हॉलचं दार लागलं. बाहेर बाकावर स्वराली आणि वैजनाथ, दोघेच. वर गुलमोहराची सळसळ, आणि पुढे तीन तास.

"एक विचारू?" ती म्हणाली. "यादी मंगळवारीच गेली होती ना? मग परवा आणि काल फोन कशाला?"

तो काठीची मूठ चोळत राहिला. कानाची पाळी लाल झाली होती.

"तुम्ही रागावाल."

"कामिनी रागावेल. मी नाही."

"दुसरं निमित्तच सुचेना," तो म्हणाला. "साऱ्या पुण्याला तुम्ही कशा दिसता ते माहीत आहे. मला तेवढंही नाही. मी काय म्हणून बोलू तुमच्याशी? तुम्हाला वाटायचं, काम झालं तरी हा चिकटूनच बसला बाप्पा."

"मला वाटत होतं, काम झालं की तुम्ही मला विसराल..."

"काहून विसरीन? त्या दिवशी फाटकाशी धावलात ना, चपलांचा आवाज येत होता. तेव्हापासून... डोक्यातून जातच नाही."

दहा-दहा पानांचे संवाद पाठ करणाऱ्या स्वरालीने या वेळी संवाद सोडूनच दिला. तिने आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला, जरासा लागेल एवढा. त्याने तो धरला.

घंटा झाली. स्पृहा दारातून ओरडतच आली, "ताई, सगळे प्रश्न सोडवले!" मागून लेखनिक मोबाइल सरसावून आले. त्यातली एक मुलगी म्हणाली, "दादा, थोडं बाजूला होता का?"

"ते इथेच राहतील," स्वराली म्हणाली.

"मी कुठे बघू?" वैजनाथने कुजबुजत विचारलं.

तिने त्याची हनुवटी धरून चेहरा मोबाइलकडे वळवला. मग काय मनात आलं कोण जाणे, तो पुन्हा आपल्याकडे वळवला.

"इकडे," ती म्हणाली.