बेचाळीसपर्यंत

बाबांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं दार बाहेरून ओढायचं असतं, आणि नवा माणूस ते हमखास ढकलतो. ‘ओढा’ अशी पाटी लावू या, असं धाकटीनं बाबांना कितीदा सांगितलं असेल. बाबांचं उत्तर ठरलेलं, “ज्याला परत यायचंय तो शिकतो.”

हा मात्र शिकला नाही. पहिल्या दिवशी छातीशी कॉम्प्युटरचं कॅबिनेट कवटाळून तो खांद्यानं दार ढकलत राहिला. धाकटीनं काचेआडून ‘मागे व्हा’ अशा खुणा केल्या, तर तो गोड हसला आणि आणखी जोर लावू लागला. शेवटी ती मागच्या दारानं वळसा घालून आली आणि त्याच्या बाजूनं हात पुढे करून दार ओढलं. त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास होता... तो तिला संध्याकाळपर्यंत पुरला.

“पंखा आवाज करतो,” तो म्हणाला. एक स्क्रू सैल होता, एवढंच. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच पंखा, पुन्हा तोच स्क्रू. त्यानंतरच्या आठवड्यातही! तो एका बगळ्याची चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करत होता, म्हणून धाकटीनं मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं बगळेवाला. आठवडा संपत आला की ती उगाचच दाराची काच पुसायला लागली.

चौथ्यांदा कॅबिनेट घेऊन आला तेव्हा तो हसत नव्हता.

“सगळी चित्रं तयार व्हायला आठ दिवस लागतील म्हणतंय मशीन. बगळ्याचं पीस न् पीस वेगळं मोजतं ते. आणि उद्या सकाळपासून धरले तर माझ्याकडे आहेत सात.”

“नाही झालं तर?”

“फिल्म ज्या स्टुडिओला द्यायची, तिथली माझी खुर्ची दुसऱ्याला. मग दादाच्या कारखान्यात खोकी मोजायची. इथून दीड दिवसाचा प्रवास आहे...” त्यानं टेबलाकडे पाहिलं आणि मग, अगदी निसटतं, तिच्याकडे.

काही विचार करायच्या आत धाकटी बोलून गेली, “ओव्हरक्लॉक करू या! म्हणजे प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. आत्ता वेगाचा आकडा छत्तीस आहे. बेचाळीसवर नेला की सात दिवसांच्या आत काम होईल. वर तीन तास उरतील.”

“तुम्ही केलंय आधी?”

“त्यात काय! डाव्या हाताचा मळ.”

गल्ल्यावर बसलेल्या बाबांनी वर्तमानपत्राची कड खाली केली, लेकीकडे पाहिलं आणि कड पुन्हा वर केली.

खरं तर तिनं ते नुसतं वाचलं होतं. पण आता माघार कशी घ्यायची? जास्त वेग म्हणजे जास्त उष्णता, म्हणून तिनं आधी प्रोसेसर गार ठेवणारा मोठा नवा कूलर काढला. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या राखाडी पेस्टचा मटारएवढा ठिपका ठेवला, वर कूलर घट्ट बसवला. हात थरथरत होते, ते तिनं कामात लपवले.

“आकडा एकेकानं वाढवायचा,” ती म्हणाली. “एक पायरी चढायची, थांबायचं, किती तापतंय ते बघायचं. घाई केली की संपलं.”

तो वही घेऊन शेजारी बसला. सदतीस. तापमान ऐंशी. अडतीस. अठ्ठ्याऐंशी. त्यानं आकड्यांशेजारी इवलासा बगळा काढला, आणि तिला हसू आलं. एकोणचाळीसला तापमान नव्वद ओलांडून धावत सुटलं... आणि पडदा काळाठिक्कर पडला.

मशीनचे पंखेसुद्धा थांबले.

“हे... असं होतं का?” त्यानं हळूच विचारलं.

धाकटीनं मशीन गार होईपर्यंत वाट पाहिली, कूलर सोडवला, उलटा केला. त्याच्या तळाला प्लॅस्टिकची एक पारदर्शक चकती जशीच्या तशी चिकटलेली होती. त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं : लावण्यापूर्वी काढावे. सगळी उष्णता तिथेच अडली होती.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मी खोटं बोलले. मी हे कधीच केलेलं नाही. आज पहिल्यांदा... तुम्ही जाऊ नये म्हणून म्हटलं मी. तुमचं एकुलतं एक मशीन, आणि मी—”

“मला माहीत होतं.”

“काय?”

“पहिल्यांदाच करताय ते. हात किती कापत होते तुमचे!” मग तिच्या पेस्टनं बरबटलेल्या बोटांकडे बघत तो गालात हसला. “आणि डाव्या हाताचा मळ तर दिसतोच आहे.”

ती रडतारडता हसली. “माहीत होतं तर दिलंत कशाला?”

“तुम्ही ‘करू या’ म्हणालात, आणि मी नाही म्हणालो, असं होणारच नव्हतं.”

प्रोसेसर शाबूत होता. फार तापल्यावर तो स्वतःच बंद पडला होता. चकती निघाली, नवी पेस्ट लागली. एकोणचाळीस, साठ. चाळीस, चौसष्ट. एक्केचाळीस... बेचाळीसवर एकदा मशीन अडखळलं, तिनं प्रोसेसरची वीज जराशी वाढवली, आणि तापमान बहात्तरवर येऊन शांत बसलं.

आता तासभर नुसतं बघायचं होतं. खिडकीतलं दुपारचं ऊन टेबलावरून सरकत वहीपर्यंत आलं. पडद्यावर बगळ्याचा पंख उलगडत होता, एकेक पीस, अगदी सावकाश. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं आणि कुणीच ते बाजूला घेतलं नाही. हा तास संपूच नये, असं धाकटीला वाटलं. आणि वेळ वाचवायला तर आपण बसलोय, हेही आठवलं.

तो मशीन घेऊन गेला, आणि मग सात दिवस आला नाही. फोन नाही, निरोप नाही. आठव्या दिवशी तिनं काच चारदा पुसली.

नवव्या दिवशी दार धडधडलं. बाहेरून कुणीतरी ढकलत होतं.

ती वळसा घालून धावत गेली. तो मोकळ्या हातांनी उभा होता, डोळे जागरणानं लाल.

“काय बिघडलं?” तिनं विचारलं.

“काहीच नाही. अडीच तास राखून पोचली फिल्म. खुर्ची माझीच.” त्यानं श्वास घेतला. “पहिल्यांदाच काही न बिघडता आलोय. तो स्क्रू... दर वेळी मीच सैल करायचो.”

“तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा.” त्यानं पाकिटातून ती पारदर्शक चकती काढली. “ही मी उचलून नेली होती. हिच्यामुळे तुम्ही खरं बोललात. म्हटलं, आता आपली पाळी. तुम्ही मला फार आवडता... हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगतोय. हात बघा.”

चकती खरंच थरथरत होती. धाकटीनं ती घेतली, आणि तिच्यासकट त्याचा हातही.

“मग एकेक पायरीनं,” ती हळूच म्हणाली. “घाई नाही करायची. आणि आधी मला ‘तू’ म्हण.”

आतून वर्तमानपत्राची सळसळ झाली.

“धाकटे,” बाबा म्हणाले, “पाचव्यांदा आला तरी शिकला नाही तो. लाव बाई ती पाटी. आता रोजची ये-जा दिसतेय.”

ती आत गेली आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘ओढा’ लिहू लागली. हात पुन्हा कापत होता. या वेळी तिनं तो लपवला नाही.