‘अहो’ मी म्हटलंच नव्हतं

खोटं वाटलं तर वाटू दे. ज्याला हसायचंय त्याने इथे आखातात, रुवैसच्या आमच्या फ्लॅटवर एक संध्याकाळ काढावी आणि मग खुशाल हसावं.

१९९८ चा नोव्हेंबर. शुक्रवारची सुट्टी. आमचे हे इथे इंजिनीअर, लग्नाला दोन वर्षं झालेली. ह्यांच्या ऑफिसातले जहूरभाई, मूळ रत्नागिरीचे. त्यांनी ओळखीची लाँच मिळवली आणि आम्हा दोघांना एका बेटावर नेलं. बेटाचं नाव मी सांगणार नाही. उगाच कोणी जायचं.

तिथे फार जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. कमरेएवढ्या भिंती, चुन्यात कोरलेले क्रॉस. पलीकडे मोती काढणाऱ्यांचं गाव, कधीचं ओसाड पडलेलं. एकाही घराला दार नाही.

जहूरभाई लाँचवरच थांबले. "वहिनी, मगरीबच्या आत, दिवस बुडायच्या आधी परत या हां. यल्ला, लवकर."

मी मठ निवांत बघत होते. ह्यांना धीर कुठला! "गाव बघून येतो," म्हणाले आणि निघूनही गेले.

मी एकटीच उरले. वारा पडला होता. समुद्र इतका जवळ, पण लाटेचा आवाज नाही...

मग गावातून ह्यांचा आवाज आला.

"आलो गं!"

मी हाक मारलीच नव्हती.

थोड्या वेळाने पुन्हा. आता आणखी लांबून, जरा वैतागून. "अगं हो, येतोय म्हटलं ना!"

आणि त्यानंतरच्या शांततेत मलाही ऐकू आलं...

"अहो..."

आवाज माझा होता. शेवट ओढायची सवयसुद्धा माझीच.

मी धावत सुटले. गावात चिटपाखरू नव्हतं. वाळूत ह्यांच्या बुटांचे ठसे तेवढे दिसले, पाण्याकडे गेलेले.

हे छातीभर पाण्यात होते. बूट-चष्म्यासकट. आणि पुढे चाललेच होते. अहो, ह्या माणसाला पोहता येत नाही! स्विमिंग पूलच्या कडेला पाय बुडवून बसणारा माणूस हा!

"अहो!" मी जिवाच्या आकांताने ओरडले.

वळले नाहीत.

पुढून, पाण्यावरून तीच हाक आली. "अहो..." हे तिकडे बघून हसले आणि आणखी एक पाऊल टाकलं.

आम्ही दोघीही ‘अहो’च म्हणत होतो. त्यांनी कोणाचं ऐकायचं?

आमच्या घरात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी ते फक्त लग्नाच्या उखाण्यात घेतलं होतं. त्या दिवशी मात्र घेतलं.

"चारुदत्त! मागे फिर!"

थबकले. वळले. तोंड पांढरंफटक.

त्यांच्यामागे पाण्यावर काहीतरी जोरात आपटलं. रागाने आपटावं तसं...

परतताना जहूरभाईंनी ह्यांच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं. एवढंच म्हणाले, "वहिनी, आमच्या गावात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत."

तेव्हापासून घरात मी ह्यांना नावानेच हाक मारायला लागले. सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! "काय बाई, नवरा आहे की शाळेतला मित्र?"

म्हणू देत. त्यांना काय सांगणार? बाथरूममधून अधूनमधून ती हाक यायचीच. "अहो..." हे माझ्याकडे बघायचे, मी नाही म्हणून मान हलवायचे, आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. अशी पाच वर्षं निभावली.

गेल्या महिन्यात मी पोळ्या करत होते. हॉलमधून ऐकू आलं...

"आलो गं!"

पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. दार सताड उघडं. हे अनवाणी जिना उतरत होते. दंड धरून मागे खेचलं.

"मी नाही हाक मारली!"

"अगं, पण... नावाने मारलीस ना."

मला रडूच फुटलं. तिला नाव सांगितलं कोणी? मीच. पाच वर्षं, सकाळ-संध्याकाळ, ओरडून ओरडून.

आता मी हाकच मारत नाही. जवळ जाते आणि खांद्यावर हात ठेवते. मग ह्यांना कळतं, मीच आहे.

काल हे सोफ्यावर पेपर वाचत होते. मागे न बघताच म्हणाले, "काय गं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

ह्यांच्या शर्टाचा खांदा ओला होता...