चौथा खडा

लाइट गेली होती. जठारपेठेतल्या गच्चीवर जानरावांनी सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि पुतण्यांना म्हणाले, "भूत पाहिलं का म्हणून विचारता ना? मी नाही पाहिलं. बत्तीस वर्षं एसटी चालवली, अर्धी रात्रीची. मले कोणी आडवं नाही आलं. पण देवमन माझ्या साळीचा पोरगा, वलगावचा. अन् त्याची बायको पायल खोटं बोलत नाही. तिची जीभच तशी आहे, खरं बोलूनच तिनं अर्धं गाव तोडलं. ऐका अन् मधात हुंकार द्या, नाही तर मी झोपतो."

पोरांनी हुंकार दिला.

सुरुवात झाली ती चाकात हवा भरण्यापासून. सन दोन हजार अठरा, फेब्रुवारीतला सोमवार. वलगावच्या स्टँडवर देवमन आपल्या ओम्नीच्या चाकांत हवा भरून घेत होता. याच गाडीतून तो रोज अमरावतीच्या सवाऱ्या नेत असे. आज मागे सवाऱ्या नव्हत्या. एक बॅग होती, भाकरी-ठेच्याचा डबा होता आणि शेजारी पायल बसली होती. दोन दिवस मुंबई, मग समुद्राच्या कडेकडेनं गाडीनं कोकण. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि दोघं फिरायला म्हणून कुठेच गेले नव्हते.

शेजारची गंगूबाई पाण्याचा हंडा घेऊन थांबली. "कपाशी अळीनं खाल्ली, घरात माणूस जाऊन सहा महिने नाही झाले, अन् हे चालले समुद्र पाहायले."

"मी घरी बसल्यानं कपाशी परत येत असन तर सांगा, बसतो," पायल म्हणाली.

"नवऱ्याले पाण्यापासून वाचवून राहिली, अन् नेते कुठं? पाण्याकडंच."

यावर मात्र पायलनं गाडीचं दार ओढून घेतलं. गंगूबाईचं म्हणणं खरं होतं.

गेलेलं माणूस म्हणजे देवमनची आई, दुर्गाबाई. सप्टेंबरात कपाशी डोक्याच्या वर वाढली होती. फवारणीच्या दिवशी पाणी देणारी बाई आली नाही, म्हणून देवमननं आईला हाक मारली. दिवसभर ती त्या औषधानं ओल्या पानांतून हंडे घेऊन येत-जात राहिली. संध्याकाळी म्हणाली, डोळ्यापुढं अंधारून राहिलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली. कागदावर लिहिलं गेलं, मयताने हातमोजे घातले नव्हते. जसे काही हातमोजे कपाशीच्या झाडाला लागतात आणि या बाईनं तोडून घेतले नाहीत.

तेव्हापासून देवमन रात्री उठून विहिरीवर जाऊन उभा राहायचा. पायलनं विचारलं, कावून आले इथं? तो म्हणायचा, "आई हाका मारते. मी तिले बोलावलं, आता ते मले बोलावते." आणि गाव म्हणायचं, दुर्गाबाई पोराला घेऊन जाईल. जानेवारीत एका रात्री तो काठावर पाय सोडून बसलेला सापडला. त्या रात्री पायलनं ठरवलं, विहिरीपासून सातशे किलोमीटर लांब न्यायचं. गाव काय म्हणायचं ते म्हणो.

दुर्गाबाईचं एक सांगायला हवं. विहारात वंदनेला ती पहिल्या रांगेत असायची. भूतखेत, अंगारा, काही मानायची नाही. फक्त तिघं मिळून कुठं निघाले की वाकून एक खडा उचलायची. तीन तिगाडा, काम बिघाडा, म्हणून खडा चौथा. काम झालं की तो तिथंच ठेवून द्यायचा. कोणी हसलं तर म्हणायची, "मानत नाही मी. पण खडा काय खायले मागते का?"

मुंबईत ते दादरला चैत्यभूमीवर गेले. दुर्गाबाई एकदा सहा डिसेंबरला तिथं आली होती. रात्रभर रांगेत उभी होती. माणसांच्या पाठींमधून तिला समुद्र दिसला होता, पण गाडीची वेळ झाली आणि पाय ओले न करताच ती परतली. पुढं कितीदा तरी म्हणायची, "इतक्या जवळ गेली अन् कोरडीच आली." देवमन तिथल्या कठड्यावर तासभर बसला. जेवायला गेले तर वेटरनं पाण्याचे तीन ग्लास ठेवले. पायल म्हणाली, मुंबईचे लोक हिशेबात कच्चे दिसतात. देवमन हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

गुरुवारी, पंधरा तारखेला, दोघं कोकणात उतरले. अलिबाग, मुरूड, डावीकडे नारळी, उजवीकडे पाणी. पायल खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती. आगरदांड्याला गाडी बोटीवर चढवायची होती. तिकीटवाल्यानं आत डोकावलं. "गाडी एक, माणसं तीन."

"दोन," पायल म्हणाली.

त्यानं पुन्हा पाहिलं. डोळे चोळले. "दोन," म्हणाला आणि तिकीट फाडलं.

आणि इथं देवमननं चूक केली. तीन हा आकडा कानावर पडला आणि त्याचा हात आपोआप खाली गेला. दारातून वाकून धक्क्यावरचा एक तांबडा खडा त्यानं उचलला आणि मागच्या सीटवर ठेवला. लहानपणापासूनची सवय.

"कावून ठेवला?" पायलनं विचारलं.

तो खड्याकडे पाहत राहिला. खडा तिघं असले तरच उचलतात.

"समजलंच नाही," तो म्हणाला.

बोट पलीकडे लागेपर्यंत दोघांनी मागे पाहिलं नाही. ओम्नीची मागची सीट जुनी. कोणी बसलं की तिची स्प्रिंग वाजते. घाटात प्रत्येक वळणावर ती वाजत होती.

दिवेआगरला एका घरी खोली घेतली. घरच्या काकूंनी ताटं घेताना विचारलं, "आजी गाडीतच का बसल्यात? आत बोलवा की त्यांना. अंधार पडला."

देवमनच्या हातातला घास तसाच राहिला. पायल म्हणाली, "त्या नाही जेवत." आणि तिनं मात्र पोटभर जेवण केलं. रात्री जागावं लागणार, हे तिला कळलं होतं.

अमावास्या होती.

तरी तिचा डोळा लागलाच. दिवसभराच्या वाऱ्यानं. जाग आली तेव्हा मोबाइलवर पावणेबारा. शेजारी कोणी नव्हतं. दार उघडं.

गाडीचं मागचं दारही उघडं होतं.

तिनं सीटवरचा खडा उचलला. मोबाइलचा उजेड खाली धरला. सुरूच्या झाडांतून वाट. मग वाळू. वाळूत देवमनचे अनवाणी पाय. आणि त्यांच्या पुढं...

चपलांचे ठसे. लहान. डाव्या टाचेवर चौकोन.

तो चौकोन तिला माहीत होता. मोर्शीच्या बाजारात चांभारानं टायरचं ठिगळ मारून दिलं होतं. सासूच्या डाव्या चपलेला. ती चपलेची जोडी वलगावला होती. घरात. खाटेखाली. देवमन कोणाला हात लावू देत नव्हता.

भरती चढत होती. नुसता आवाज. पाणी दिसत नव्हतं.

"अवो..."

तिनं पुन्हा हाक मारली.

उजेड पुढं नेला. देवमन कमरेइतक्या पाण्यात उभा होता. उजवा हात पुढं केलेला. कोणी तरी हात धरून नेत असावं, तसा.

तो एक पाऊल पुढं गेला.

पायल घाबरली होती. तिनं स्वतः सांगितलं. पण भीतीहून मोठा होता तो राग. कागदावर, कपाशीवर, गावावर, आणि या बाईवरही. ती पाण्यात शिरली. देवमनचा डावा हात धरला. आणि अंधाराकडं तोंड करून बोलली.

"आत्याबाई, सोडा त्यायले."

लाट आली. गेली.

"तुमाले समुद्र पाहायचा होता. आणला. पाय ओले करायचे होते. करा. पण हा नाही भेटणार तुमाले. यानं पाण्याले बोलावलं होतं, मराले नाही. ज्यायनं हे जहर विकून मारलं ते झोपले आहेत आपापल्या घरी. त्यायच्या दारात जाऊन उभ्या राहा, मी येतो सोबत. पोरावर कावून जोर काढता?"

देवमनचा हात ताणलेलाच.

"तिघं जात नसतात, तुमीच शिकवलं." तिनं मूठ उघडली. "हा खडा घ्या. तुमी अन् खडा दोघं. मी अन् हा दोघं. आता तिगाडा नाही राहिला."

तिनं खडा पाण्यात सोडला.

बुडाल्याचा आवाज आला नाही.

ती वाट पाहत राहिली. एक लाट. दुसरी...

मग देवमनचा हात खाली पडला. थंडीनं त्याचे दात वाजायला लागले. "पायल," तो म्हणाला, "आपण इथं कावून?"

"फिरायले आलो," ती म्हणाली. "चला."

दुसऱ्या दिवशीही ते परतले नाहीत. आणखी एक दिवस राहिले, श्रीवर्धनपर्यंत गेले, शहाळी प्याले. पायल म्हणाली, ठरवलं तेवढं फिरायचंच. घाटात मागची सीट वाजली नाही.

रविवारी रात्री वलगावला पोचले. गंगूबाई दारातच. "आले का दोघं?"

"दोघंच," पायल म्हणाली आणि गळ्यातल्या किल्लीनं कुलूप उघडलं.

गच्चीवर जानराव थांबले. तांब्यातलं पाणी प्याले. पोरांतला एक जण म्हणाला, "अन् मग? देवमन?"

"देवमन सवाऱ्या नेते. रात्री झोपते. दुर्गाबाईच्या मरणाच्या प्रकरणात पायलनं अर्ज केला, तिच्या सोबत तारखेवर जाते. ते आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी भेटाले गेलतो तवा तिनं मले आत नेलं. म्हणे, मामाजी, वाका, खाटेखाली पाहा."

"काय होतं?"

"काही नाही. चपला नव्हत्या. पाच महिन्यांची धूळ होती, मांजराचा पायसुद्धा उमटला नव्हता. अन् त्या धुळीत दोन पावलांएवढी जागा स्वच्छ. डाव्या टाचेपाशी चौकोन."