पेटीला घातलेला अभ्रा

डोळ्यांच्या दवाखान्यात मी डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढते. त्या दिवशी एक आजोबा यंत्रावर हनुवटी टेकून बसले होते आणि मी नेहमीसारखी म्हणत होते, “जरा थांबा हं... निकाल येतोय.”

“कुठून येतोय?” दारातून कुणीतरी विचारलं. कंपनीने पाठवलेला तंत्रज्ञ होता; हातात करडी पेटी, चष्मा नाकावर घसरलेला.

“ढगातून,” मी म्हटलं.

“ढग कसला! दूरच्या शहरातलं गोदाम आहे ते, यंत्रांनी भरलेलं. फोटो तिथवर जातो, तपासला जातो, मग निकाल परत निघतो. आता तपासणी इथेच. ही पेटी तुमच्या कपाटाशेजारी बसेल.”

“आणि निकाल?”

“तुमची पापणी लवायच्या आत.”

मी मुद्दाम पापणी लवू दिली नाही. तो गडबडला आणि उगाचच वायरी मोजू लागला.

चार दिवस तो येत राहिला, मी प्रश्न विचारत राहिले. लाइन तुटली तर? पेटीला नवं काही शिकवतं कोण? पाचव्या दिवशी निकाल खरंच क्षणात येऊ लागले... आणि त्याचं येणं थांबलं.

आठवड्याने पेटी बंद पडली. तो धावत आला. बघतो तर पेटीला भरतकामाचा अभ्रा, चारी बाजूंनी नाड्या बांधलेला!

“हे कुणी केलं?”

“मी. धूळ बसू नये म्हणून. आमच्या घरी टीव्हीलाही आहे.”

“अहो, गुदमरली ती! वारा नको का तिला?” नाड्या सोडता सोडता त्याचे हात थबकले. “मला वाटलं... मला बोलवायला केलंत.”

“काहीतरीच!” माझे कान तापले. “एवढं सुचलं असतं तर दुसऱ्याच दिवशी नसतं का केलं?”

तो हसला नाही. “त्या गोदामावर बोलावलंय मला. बढती आहे. संध्याकाळपर्यंत कळवायचंय.”

मी उरलेल्या नाड्या सोडू लागले.

“विचारा ना काही. एरवी तर थांबत नाही तुम्ही.”

“नाही म्हणालात... तर कारण काय द्याल?”

“तेच शोधतोय आठवडाभर.”

बाहेर बाकावर कुणीतरी खाकरलं. मी धीर गोळा केला.

“सांगा— रविवारी एका मुलीच्या बाबांना भेटायला जायचंय.”

त्याने घसरलेला चष्मा वर सरकवला. “साहेब विचारतील, कशासाठी?”

“ते बाबाही विचारतील,” मी म्हटलं. “उत्तर पाठ करून या.”

आणि चेहरा दिसू नये म्हणून दाराकडे वळून पुढच्या पेशंटला हाक मारली.